फुलं उतरेपर्यंत

“हेमा! ए हेमा! उघडलं!”

मी चहाला आधण ठेवत होते. हाक दादाची होती. चार वर्षांत तो एवढ्या मोठ्यानं दोनदाच ओरडला होता, आणि दोन्ही वेळा न्हाणीघरात पडला होता. गॅस तसाच सोडून धावले. तर हा पलंगाच्या कडेला धडधाकट बसलेला, आणि डाव्या हातानं खिडकीबाहेर दाखवतोय.

मागच्या पडवीत वाशाला टांगलेल्या लाकडी टोपलीत ते झाड होतं. दांड्यावर सात कळ्या होत्या, त्यातली एक उमलली होती.

“धर मला. जवळ ने.”

“तोंड तरी धू आधी.”

“तोंड काय पळून जातंय?”

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. उजवा पाय ओढत, काठी टेकत पडवीपर्यंत जायला आम्हाला एरवी पाच मिनिटं लागत. त्या दिवशी तीन लागली असतील. खुर्चीत बसल्यावर त्यानं मान पुढं काढली, डोळे मिटले आणि वास घेतला.

“रंग आईचा,” तो म्हणाला, “वास बापाचा.”

आणि लहान मुलासारखा रडला. रडू मलाही आलं, पण माझं कारण निराळं होतं. माझी सुटका जवळ आली होती.

हा माझा थोरला भाऊ, वामन मसुरकर. सावंतवाडीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. प्राध्यापक आले नि गेले, पण कुठल्या बरणीत काय आहे ते यालाच ठाऊक. लग्न केलं नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, “माझ्या घरात जागा कुठाय?” आणि ते खोटं नव्हतं. पडवीत, खिडक्यांना, आंब्याच्या खोडावर, जिथं तिथं त्यानं आमरीची झाडं लटकवलेली. लोक त्यांना ऑर्किड म्हणतात. आमचे शेजारी सरसकट बांडगूळ म्हणत आणि दादा दरवेळी नव्यानं चिडे.

निवृत्त झाल्यावर त्यानं निळ्या वांडा आमरीच्या फुलावर आपल्या रानातल्या ‘सीतेची वेणी’ या वासाच्या आमरीचे पराग लावले. बोंड पिकायलाच दहा महिने गेले. त्यातलं बी म्हणजे नुसती पिठी, मातीत टाकून उपयोग नाही. चायना ग्रास, शहाळ्याचं पाणी, केळ्याचा गर असं काहीबाही शिजवून ते बाटलीत थिजवायचं आणि त्यावर पेरायचं. बाटल्या उकडण्यापायी आईचा कुकर कायमचा बाटला. हवेतली बुरशी शिरू नये म्हणून मासे पाळायची काचेची पेटी उपडी करून, तिच्यात हात घालून यानं बत्तीस बाटल्या पेरल्या. अठ्ठावीस बुरशीनं खाल्ल्या. उरलेल्या चारांतली रोपं टोपलीत लागली, तोवर दादालाच पक्षाघात झाला. तो इस्पितळात होता तेव्हा पाण्यावाचून ती गेली. जगलं ते हे एक.

मी नाशिकहून आले ती महिनाभरासाठी. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी गौतमी नोकरीला लागली होती, म्हटलं भावाला चालता करू आणि परतू. चार साड्या आणल्या होत्या. त्या साड्यांची पायपुसणी झाली तरी मी तिथंच. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, मग त्याच्या झाडांवर पाणी मारायचं. कोल्हापूरहून दादाचा पुतण्या मकरंद दर दिवाळीला म्हणे, “आत्या, काकांना माझ्याकडे आणा. खालची खोली रिकामी आहे, तुम्ही सुटाल.” दादाचं उत्तर ठरलेलं.

“हे फुलल्याशिवाय मी हलायचा नाही. फुलं उतरली की मला पोत्यात घालून न्या.”

बरं, झाड बरोबर न्यावं, तर आंबोलीचा घाट आणि वरची कोरडी हवा लागली की कळ्या झडणार, असं त्याचं म्हणणं. चार वर्षं मी त्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात दांडा शोधत होते. सासुरवाशीण काय माहेरच्या पत्राची वाट बघेल! दांडा दिसला तो त्या वर्षीच्या मार्चात, आणि नेमका त्याच महिन्यात गौतमीला डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवलं.

तिचं पहिलं मूल आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं होतं. हे दुसरं. जावई बोटीवर, सासूबाई हयात नाहीत. प्रवास बंद, जिना बंद. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण तिचं माहेर म्हणजे मी, आणि मी इथं भावाला आंघोळ घालतेय.

तिसऱ्या दिवशी सातही फुलं उमलली. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, फिकट जांभळी, वर गडद रेषांची जाळी. शेजारच्या सुलोचनावहिनी बघायला आल्या.

“काय गो हेमा, तुमचा बांडगूळ फुलला म्हणान कळला. बघूया तर!”

“बांडगूळ नव्हे हो वहिनी,” दादा खुर्चीतून गुरगुरला. “बांडगूळ झाडाचा रस पितं. ही बिचारी नुसती टेकलेली असते. पाऊस-वारा खाऊन जगते.”

“टेकान ऱ्हवला म्हणजे तरी काय, भार झाडाकच ना?” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी हसले नाही, पण मनात म्हटलं, बाई, तुझ्या तोंडात साखर पडो.

त्या गेल्यावर मी विचारलं, “दादा, किती दिवस राहतील ही?”

“महिना. जपलं तर पाच आठवडे.”

मी बोटांवर मोजलं. मे महिन्याची सात तारीख होती. पाच आठवडे म्हणजे अकरा जून.

दुपारी गौतमीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

“आई, कालपासून पाठ दुखतेय. कामवाली चार वाजता जाते, मग मी एकटीच असते गं. भीती वाटते.”

“असं दुखतं या दिवसांत. डॉक्टरांना कळव.”

“कळवलं. तू कधी येतेस?”

“फुलं उतरली की येते.”

 ती म्हणाली, “मामाचं फूल माझ्यापेक्षा मोठं आहे का?” आणि रडायलाच लागली. मी तिची समजूत घातली, रागावले, पुन्हा समजूत घातली. दार उघडलं तर दादाची खुर्ची पडवीतून सरकून पार दाराच्या तोंडाशी आलेली. एका पायानं रेटत आला असावा. त्यानं तोंड फिरवलं.

संध्याकाळी भरवताना म्हणाला, “हेमा, जाऊया आपण. मकरंदला बोलाव.”

खरं तर मी तिथंच हातातली वाटी ठेवून पिशवी भरायला घ्यायला हवी होती. पण माणूस फार दमला ना, की त्याला आपल्या दमण्याचाच अभिमान होतो. चार वर्षं केलं ते काय शेवटच्या महिन्यात हातचं घालवू? उद्या नातेवाईक म्हणतील, नऊ वर्षांनी फूल आलं नि बहिणीनं बघूसुद्धा दिलं नाही.

“काही नको,” मी म्हटलं. “फुलं उतरेपर्यंत राहायचं ठरलंय ना? राहू. एवढी काही दुष्ट नाही मी.”

“पण गौतमी...”

“तिचं मी बघते. तू जेव.”

“मी सांगतोय ना, जाऊया.”

“आणि पुढं जन्मभर तुझी हळहळ ऐकू? नाही. तुझी फुलं खाली पडलेली मी या डोळ्यांनी बघणार, मगच या घराला कुलूप लावणार. आता तो विषय नको.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग घास गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. जिंकल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. निघताना त्याला पडवीत फुलांसमोर बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला.

“काडेपेटी देऊन जा,” तो म्हणाला.

“कशाला?”

“उदबत्ती लावतो.”

आयुष्यात देवापुढं हात न जोडलेला माणूस! म्हटलं, फुलं आली म्हणून देव आठवला असेल. काडेपेटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि गेले. परत यायला दुपार झाली. बघते तर सदरा घामानं चिंब, डावा हात लटलटतोय, चेहरा पांढराफटक. उदबत्ती लावलेली नव्हतीच.

“काय करत होतास? उठायला बघत होतास ना?”

“बसलो होतो.”

“बसून एवढा घाम?”

“मे महिना आहे,” तो म्हणाला. त्याला आत नेऊन निजवलं. निजला तो सकाळपर्यंत.

सकाळी मी पाणी फवारायचा पंप घेऊन पडवीत गेले आणि दारातच थबकले. सातही फुलांनी माना टाकल्या होत्या. पाकळ्या आत मिटून कागदासारख्या झाल्या होत्या. आदल्या दिवशीचा तो जांभळा रंग पार मळकट झालेला. मला वाटलं उन्हाची झळ लागली. मग खुर्चीखाली काड्या दिसल्या. काही मोडलेल्या, काही अख्ख्या, एकही जळलेली नाही. उचलून बघितल्या तर टोकाला पिवळं काहीतरी चिकटलेलं.

हे मला कळत होतं. पराग लावायला दादा अशाच काड्या वापरतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं. बोंड धरलं की फुलाचं काम संपतं, फूल मिटतं, हेही सांगितलं होतं. म्हणजे बोंडं धरली. म्हणजे पुन्हा दहा महिने. मग बाटल्या, कुकर, बुरशी, रोपं. पुन्हा नऊ वर्षं.

माझा तोल गेला. त्या काड्या मुठीत धरून मी त्याच्या पलंगापाशी गेले.

“हे काय आहे?”

तो उशीवरून माझ्याकडे बघत राहिला.

“दादा, मी विचारतेय. पराग लावलेस?”

“हो.”

“फुलांना दोन दिवस झाले नाहीत, आणि तुला बोंड हवं? बोंड पिकेपर्यंत हलणार नाहीस, असंच ना? परवा म्हणालास जाऊया, ते सगळं नाटक?”

“हेमा, ऐक.”

“काय ऐकू? माझी पोरगी तिकडे एकटी तळमळतेय! मी इथं तुझं हगणंमुतणं काढतेय, तुझ्या झाडांची दाई झालेय, आणि तुझं मन भरत नाही? वहिनींवर ओरडतोस ना, बांडगूळ म्हणू नका म्हणून? तुझी झाडं नसतील. पण तू आहेस. तू बांडगूळ आहेस, दादा. माझा जीव शोषून जगतोयस.”

पलंगापाशी उभी राहून, उजवं अंग लुळं पडलेल्या माणसाला मी हे म्हटलं.

त्यानं काठीकडे हात केला. म्हणाला, “मला पडवीत ने.”

“नाही नेणार.”

“ने. आणि कात्री आण.”

मी नेलं. कात्री आणली. खुर्चीत बसून त्यानं डाव्या हातानं दांडा कापायला घेतला. दोनदा कात्री निसटली. मी मदत केली नाही. तिसऱ्यांदा दांडा तुटला आणि सातही फुलं त्याच्या मांडीवर पडली.

“उतरली,” तो म्हणाला. “बघितलीस ना, या डोळ्यांनी? आता मकरंदला फोन कर.”

मला वाटलं, माझं बोलणं त्याच्या वर्मी लागलं. शरम वाटून त्यानं बोंडांचा नाद सोडला. थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. कधी कधी तोंड सोडल्याशिवाय भागत नाही, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मकरंद गाडी घेऊन आला. झाडं दादानं कुडाळच्या रेगेबाईंना दिली. त्या निवृत्त शिक्षिका, त्यांनाही हाच नाद. टेम्पो भरताना तो ओसरीवर बसून एकेका झाडाची खूण सांगत होता. शेवटी ती लाकडी टोपली गेली, तिच्याकडे मात्र बघितलं नाही. कोल्हापूरपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मकरंदच्या दारात मी नाशिकच्या बससाठी निघाले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “वेळेवर पोच.”

“हं,” मी म्हटलं आणि वळून बघितलं नाही.

नाशिकला पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गौतमीला रक्तस्राव सुरू झाला. कामवाली तासाभरापूर्वीच घरी गेली होती. गौतमी खाली बसलेली, फोनपर्यंत हात पोचत नव्हता तिचा. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, त्यांच्या गाडीत घालून नेली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही हाताला लागल्या नसत्या.” मुलगी झाली होती. पावणेदोन किलोची. तिचं नाव रेवती ठेवलं.

रेवती सहा महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन मी दादाला भेटायला गेले. दुसऱ्या झटक्यानं त्याची वाचा तोवर पार गेली होती. त्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं, रेवतीनं ते धरलं आणि तो हसला. बांडगूळचं मला आठवत होतं. माफी मागावी असं येताना बसमध्ये ठरवलंही होतं. पण मकरंदची बायको चहा घेऊन आली, मग पोरीनं शी केली, आणि राहून गेलं. जानेवारीत दादा गेला.

तीन वर्षांनी मे महिन्यात रेगेबाईंचा फोन आला.

“हेमाताई, वामनरावांचं झाड फुललंय. या बघायला.”

जावं की न जावं करत शेवटी गेले. म्हटलं, एक दिवस राहून परत येऊ. रेगेबाईंच्या मागच्या अंगणात, हिरव्या जाळीखाली तीच लाकडी टोपली होती. नऊ फुलं होती या वेळी. वास तोच. मी समोर उभी राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “किती दिवस राहतील?”

“महिनाभर तरी. हात नाही लावला तर.”

“आणि लावला तर?”

“पराग लावले की आटोपलं. दुसऱ्या दिवशी मान टाकतं फूल. म्हणून तर आम्ही नव्या झाडाच्या पहिल्या फुलांना हात लावत नाही. आधी महिनाभर डोळे भरून बघायचं. अगदी शेवटी, बी हवंच असेल, तर एखाद्या फुलावर करायचं. एका बोंडात लाखभर बी असतं, दुसरं हवंय कशाला?”

“आणि सगळ्याच फुलांवर केलं तर?”

“सगळ्या?” बाई हसल्या. “एवढ्याशा झाडावर इतकी बोंडं राहिली तर झाडच मरेल. बी हवं असलेला माणूस असं कधी करायचा नाही. फुलं लवकर घालवायची असतील तरच करील. पण असं कोण करतं?”

मी खाली बसले. तिथंच, ओल्या फरशीवर.

“अहो, काय झालं?”

“त्यानं केलं होतं,” मी म्हटलं. “सातही फुलांवर.”

“वामनरावांनी? त्यांचा तर उजवा हात...”

“डाव्या हातानं. काडेपेटीतल्या काड्यांनी. सकाळपासून दुपारपर्यंत.”

 बाईंनी मला पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून बसले. माझंच बोलणं मला ऐकू येत होतं. फुलं खाली पडलेली मी या डोळ्यांनी बघणार, मगच कुलूप लावणार. मी हटून बसले होते आणि त्याला माझ्याशी वाद घालता येत नव्हता. मग नऊ वर्षं वाट बघितलेली फुलं त्यानं दोन दिवसांत उतरवली. आणि मी त्याला बांडगूळ म्हटलं. ‘ऐक’ म्हणाला होता तो. मी ऐकलं नाही.

संध्याकाळी गौतमीचा फोन आला. मागे रेवतीचा दंगा चालला होता.

“आई, बघितलंस का फूल? उद्याच्या गाडीत बसतेयस ना? परवा मला ऑफिस आहे, रेवतीला कोण बघेल?”

मी रेगेबाईंकडे बघितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीकडे बोट केलं आणि मान हलवली.

“तू बघ काहीतरी, बाळ,” मी म्हटलं. “मी फुलं उतरली की येते.”

चौतीस दिवस राहिली ती. मी रोज सकाळी समोर खुर्ची टाकून बसत होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते.